जू आणि योक सख्खे, दिवस आणि डे परके

27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की आमच्या कंपनीच्या ग्रुपवर एक यादी फिरायला लागते. मातृ–मदर, भ्रातृ–ब्रदर, नाम–नेम अशी सुरू होते आणि वाटिका–व्हॅटिकनवर जाऊन टेकते. खाली ठरलेली ओळ: जगातल्या सगळ्या भाषा आपल्या संस्कृतातूनच निघाल्या. शेंद्र्याच्या एमआयडीसीतली शिफ्ट सुटेपर्यंत त्याखाली जोडलेल्या हातांचा ढीग पडतो.

अभिमानाबद्दल माझी तक्रार नाही. यादी आळशी आहे, ही तक्रार आहे. खरा ऐवज तिच्यात येतच नाही.

मी करमाडच्या सुताराचा मुलगा. वडील बैलगाडीची चाकं भरायचे. मधे तुंबा, त्यात ठोकून बसवलेले आरे, बाहेरून पुठ्ठे आणि सगळ्यांवर लालबुंद तापवलेली लोखंडी धाव. धाव चढवून पाणी ओतलं की वाफेच्या लोटात चाक करकरत आवळायचं. आता त्या गाडीचेच शब्द घ्या. बैलांच्या मानेवरचं जू: संस्कृतात युग, लॅटिनमध्ये युगुम, जर्मनमध्ये योख, इंग्रजीत योक. चाकं ज्याच्यावर फिरतात तो आस: संस्कृतात अक्ष, जर्मनमध्ये आक्से, इंग्रजीत ॲक्सल, चेक भाषेत ओसा. आणि चाक? संस्कृत चक्र, ग्रीक कुक्लोस, इंग्रजी व्हील, तिन्ही एकाच मुळाची. त्यातला ग्रीक शब्द इंग्रजीच्या हाताला धरून सायकल होऊन आपल्याकडे आला, म्हणजे चाकाच्या घरी चाकच पाहुणं!

चाक आणि व्हील ऐकायला एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत, म्हणून ही जोडी कुठल्या यादीत नसते. नातं दिसण्यावरून ठरत नाही, ध्वनी कोणत्या नियमाने बदलले त्यावरून ठरतं. विल्यम जोन्सने 1786 साली कलकत्त्यात सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एखाद्या समान मुळातून निघालेल्या असाव्यात, आणि ते मूळ कदाचित आज उरलंही नसेल. म्हणजे संस्कृत ही त्यांची आई नव्हे, बहीण. पुढच्या शतकात अभ्यासकांनी नियम शोधले. एक नियम तर आमच्या शॉपफ्लोअरवरच्या कुणालाही पाच मिनिटांत कळेल: आपल्याकडे जिथे जुना द, तिथे इंग्रजीत ट आणि जर्मनमध्ये त्स. दोन, टू, त्स्वाय. दहा, टेन, त्सेन. दात, टूथ, त्सान.

आता हेच माप दिवस आणि डे या जोडीला लावा. नातं असतं तर इंग्रजी शब्द ट ने सुरू झाला असता. होत नाही, कारण नातंच नाही. यादीवाल्यांची लाडकी जोडी इथे निकालात निघते. उलट ट्यूजडेच्या पहिल्या भागात टिव नावाचा जुना देव बसलाय, आणि हा टिव म्हणजे आपला 'देव' हाच शब्द, नियमाप्रमाणे द चा ट झालेला. बदनाम आणि बॅड नेम यांची गंमत याहून वेगळी. त्यातलं नाम आणि नेम खरोखर एका घरचे. पण फारसी बद आणि इंग्रजी बॅड यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. निव्वळ योगायोग.

उसनवारी हा तिसराच प्रकार. आपला पगार पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत पगार म्हणजे पैसे देणं, आणि त्याचं लॅटिन मूळ शांत करणं. देणेकऱ्याने पैसे टाकले की घेणेकरी शांत! सात तारखेला आमच्या गेटवर हे समजावून सांगावं लागत नाही. शेंद्र्यात 2001 पासून ज्या कंपनीच्या गाड्या बनताहेत ती स्कोडा म्हणजे एमिल श्कोडा या माणसाचं आडनाव, पण चेक भाषेत श्कोडा म्हणजे नुकसान. तो शब्द चेक लोकांनी जर्मनांकडून उचललेला.

हे सगळं आत्ता काढायचं कारण, माझा भाचा जर्मन शिकतोय. 2024 साली राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून आमच्या भागातल्या आयटीआयच्या पोरांना जर्मनीची ओढ लागलीय. त्याच्या वहीत प्रत्येक जर्मन शब्दापुढे इंग्रजी अर्थ. ज्याचं इंग्रजीच लंगडं, त्याला एका भाषेसाठी दोन भाषा घोकायला लावायच्या, हा कुठला न्याय? जर्मन राड म्हणजे चाक, उच्चार राट. भाचा म्हणाला, "मामा, हा तर आपला विहिरीवरचा रहाट!" कान चांगला आहे, पण रहाट निघाला अरघट्टातून. राडचा खरा भाऊ रथ.

भाषेच्या वर्गात पहिल्या आठवड्यात दोन तास याला द्या, एवढंच माझं म्हणणं आहे. फळ्यावर मराठी, संस्कृत, इंग्रजी, जर्मन असे चार रकाने पाडा; जू, आस, दोन, दहा, दात भरून घ्या आणि नियम पोरांनाच काढू द्या. शेजारी सावधगिरीचा पाचवा रकानाही हवा. तिथे पहिला शब्द गिफ्ट लिहावा, कारण जर्मनमध्ये त्याचा अर्थ विष.