ऋण काढून सण

दिनांक 26 नोव्हेंबर 2025 रोजी ग्लासगो येथे भरलेल्या सभेत 2030 सालच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद अहमदाबाद नगरीस देण्यात आले. 2036 सालच्या ऑलिंपिक सामन्यांची मागणीही आपल्या देशाने पुढे मांडलेली आहे. या वार्तेने ज्यांस हर्ष झाला त्यांच्या हर्षावर विरजण घालण्याची आम्हांस हौस नाही. परंतु एका नगरास मान मिळाला की दहा नगरांस तो आपणांसही मिळावा असे वाटू लागते. आणि ज्या कोल्हापुराने शतकाहून अधिक काळ मल्लविद्येला माहेर दिले, जेथे दोन तालीम मंडळांचा फुटबॉलचा सामना असला की पेठाच्या पेठा शाहू स्टेडियमकडे लोटतात, त्या कोल्हापुराच्या मनात असा विचार डोकावला तर त्यात नवल ते काय? म्हणूनच एक प्रश्न वेळीच विचारून ठेवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. जगभरचे पाहुणे येऊन, खेळून, पदके घेऊन निघून गेल्यावर ज्यांना त्याच नगरात राहावयाचे असते, त्यांच्या पदरात नेमके काय पडते?

आमचे उत्तर आम्ही आरंभीच सांगून टाकतो. अशा महोत्सवांनी नगरवासीयांचे हित आपोआप साधत नाही. ज्या नगराने आपले घर आधी नीट लावलेले असते त्याला महोत्सव थोडा हात देतो. ज्याने ते लावलेले नसते त्याच्या माथ्यावर तो कर्ज ठेवून जातो.

प्रतिपक्षाचे म्हणणे तीन मुद्द्यांत सांगता येईल. स्पर्धांमुळे नगरात पैसा येतो. स्पर्धांच्या निमित्ताने जे रस्ते, मैदाने, इमारती होतात त्या मागे राहतात. आणि मोठे खेळाडू डोळ्यांनी पाहून तरुण पिढीस स्फूर्ती मिळते. तिन्ही मुद्दे ऐकावयास गोड आहेत. आता एकेक घेऊन पाहू.

प्रथम पैशाची गोष्ट. परगावचा प्रेक्षक येईल, खोल्या भरतील, दुकाने चालतील, हे खरे. पण हा हिशोब मांडणारे वहीचे एकच पान उघडतात. मैदान बांधावयाचे यजमानाने, बंदोबस्त ठेवावयाचा यजमानाने, तूट आली तर ती भरून देण्याची हमीही यजमानानेच द्यावयाची. आणि दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येणाऱ्या द्रव्याची वाटणी ठरविणार स्पर्धांची मालक असलेली आंतरराष्ट्रीय संस्था! शिवाय खेळासाठी जसा पाहुणा येतो, तसा गर्दीला आणि महागाईला भिऊन नेहमीचा पाहुणा दूर राहतो. 2012 साली लंडनमध्ये ऑलिंपिक सामने झाले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रिटनला आलेल्या परदेशी प्रवाशांची संख्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा कमी भरली. कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाला बारा महिने यात्रेकरू येतो. तो जेवतो, राहतो, गूळ आणि चपला घेऊन जातो. पंधरा दिवसांच्या पाहुण्यासाठी या बारमाही पाहुण्याला दारातून परत पाठविण्यात कसला आला व्यापार?

तुटीची भीती काल्पनिक नव्हे. 1976 साली कॅनडातील माँट्रियल नगरीने ऑलिंपिक सामने भरविले. तूट येणे अशक्यच आहे, असे तेथील महापौर ज्यां द्रापो यांनी छातीठोकपणे सांगितले होते. सामने संपले, महापौरांचे आश्वासनही संपले, आणि कर्ज मात्र राहिले. ते फिटावयास 2006 साल उजाडावे लागले. त्यासाठी तंबाखूवर कर बसवावा लागला. सामन्यांच्या वर्षी जन्मलेले मूल तीस वर्षांचे झाले तरी त्याच्या बापाने पाहिलेल्या खेळाची किंमत वसूल होतच होती! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तो हाच.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. 2010 साली दिल्लीस राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. भारताच्या नियंत्रक व महालेखापालांनी 2011 साली दिलेल्या अहवालाप्रमाणे 2003 मध्ये सुमारे 1,200 कोटी रुपयांचा असलेला अंदाज फुगत फुगत 18,532 कोटींवर गेला. गरिबांच्या वस्त्या हटविल्या गेल्या. ज्या हटविता आल्या नाहीत त्या पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून रस्त्याकडेला आडोसे उभे राहिले. याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. अनुसूचित जातींच्या कल्याणासाठी राखून ठेवलेल्या निधीतील शेकडो कोटी रुपये या स्पर्धांच्या कामाकडे वळविण्यात आले. हे अनुचित झाले, असे तत्कालीन गृहमंत्री पी. चिदंबरम यांना 2010 साली राज्यसभेत मान्य करावे लागले. ज्या कोल्हापूर दरबाराने 26 जुलै 1902 रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा काढला, त्या कोल्हापुरात राहणाऱ्यांना तरी या गोष्टीचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. मांडव घालताना ज्याच्या घरचे वासे काढले, त्यालाच पंगतीला बोलावले नाही, असा तो प्रकार होता.

दुसरा मुद्दा मागे राहणाऱ्या कामांचा. येथे प्रतिपक्षाकडे दोन चांगले दाखले आहेत, ते आम्ही लपवीत नाही. 1984 साली लॉस एंजेलिसने ऑलिंपिक सामन्यांतून वीस कोटी डॉलरांहून अधिक शिल्लक काढली. 1992 साली बार्सिलोनाने आपला समुद्रकिनारा नागरिकांस मोकळा करून दिला. परंतु हे घडले कसे? लॉस एंजेलिसने 1932 च्या सामन्यांत वापरलेले जुनेच मैदान पुन्हा वापरले. आणि त्या वर्षीचे सामने घेण्यास शेवटपर्यंत दुसरे कोणी उभे नसल्याने आपल्या अटीही मान्य करवून घेतल्या. बार्सिलोनाने नगररचनेचा विचार आधी केला होता; सामने हे त्याचे निमित्त झाले. म्हणजे एकाने नवे बांधण्याचे नाकारले म्हणून तो वाचला, आणि दुसऱ्याने जे बांधावयाचेच होते तेच बांधले म्हणून तो सावरला. हे दाखले यजमानपदाचे नव्हत, शहाणपणाचे आहेत.

आणि शहाणपण नसेल तर निमित्त कितीही मोठे असले तरी काय होते, हे कोल्हापूर एकदा पाहून चुकले आहे. नगरातील रस्ते एका खाजगी कंपनीकडून बांधून घ्यावयाचे आणि त्यांच्यासाठी नगरात शिरणाऱ्या वाहनांनी तीस वर्षे टोल द्यावयाचा, अशी योजना या नगरावर आली होती. तिच्याविरुद्ध एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे वयोवृद्ध पुढारी रस्त्यावर उतरले, पेठापेठांतून मोर्चे निघाले, आणि अखेर शासनास तो टोल कायमचा रद्द करणे भाग पडले. त्या लढ्याने जो धडा दिला तो कोणत्याही क्रीडामहोत्सवास तंतोतंत लागू आहे. काम नगराच्या नावाने निघाले म्हणजे ते नगराचे होत नाही. ते किती रकमेचे, कोणाच्या खर्चाने, किती वर्षे फेडावयाचे आणि कोणाला विचारून, हे आधी सांगावे लागते. 2005, 2019 आणि 2021 साली पंचगंगेचे पाणी ज्यांच्या घरांत शिरले त्यांना नगरात कोणते काम आधी व्हावयास हवे, हे विचारून तरी पाहावे. आयजीच्या जिवावर बायजी उदार होण्याचे दिवस या नगरापुरते तरी संपलेले आहेत.

आता तिसरा मुद्दा, स्फूर्तीचा. हा सर्वांत मोहक आहे, आणि कोल्हापुराच्या अनुभवाने तोच सर्वांत पोकळ ठरतो. या नगराने कोणती ऑलिंपिक भरविली होती, की येथील राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आला? स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच्या प्रवासासाठी पैसे नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढून ते ऋण फेडले, असे सांगतात. महोत्सव भरविण्यास देशोदेशी कोट्यवधी मिळतात आणि मल्लाला पाठविण्यास सात हजार मिळत नाहीत, हा विरोधाभास ज्यांना टोचत नाही त्यांनी स्फूर्तीची भाषा न बोललेली बरी.

पुढचीही परंपरा पाहावी. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिक येथे नेमबाजीत जगज्जेती झाली. राही सरनोबत हिने 2018 च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक पटकाविले. यांपैकी कोणाच्याही दारात जगाचा महोत्सव आलेला नव्हता. येथे आम्हांस कोणी अडवील, की स्वप्निल पुण्याच्या बालेवाडी संकुलात सराव करी, आणि ते संकुल तर 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीच बांधलेले! आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे. बालेवाडीचे मैदान कामास आले ते स्पर्धा तेथे झाल्या म्हणून नव्हे. स्पर्धा संपल्यावर तेथे मुले रोज नेम धरीत राहिली, शिकविणारे राहिले, क्रीडाप्रबोधिनीसारखी योजना खेड्यांतली मुले निवडून आणीत राहिली, म्हणून. शिकविणारा वस्ताद नसेल तर हौदातली माती ती नुसती मातीच.

आणि ज्या खेळांच्या नावाने हा उत्साह, त्यांची या महोत्सवांत काय प्रतिष्ठा आहे? 2022 च्या बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धांत नेमबाजी नव्हती. 2026 च्या ग्लासगो येथील स्पर्धांसाठी खर्च आवरता घेताना केवळ दहा खेळ ठेवण्यात आले, आणि त्यांतून नेमबाजीबरोबर कुस्तीही गेली. या 2026 च्या स्पर्धा मुळात ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने स्वीकारल्या होत्या. खर्चाचा आकडा वाढलेला पाहून त्या राज्याने जुलै 2023 मध्ये चक्क हात झटकले. धनवान राष्ट्रांतील एक राज्य जे ओझे खाली ठेवते, तेच डोक्यावर घेण्यासाठी आपण ढोल-ताशे घेऊन निघावे, याला काय म्हणावे?

आता एक शेवटचा आक्षेप, जो कोल्हापूरकर आमच्यापुढे हमखास ठेवील. ‘शाहू महाराजांनी नाही का परदेश पाहून आल्यावर रोमच्या प्रेक्षागाराच्या धर्तीवर खासबागेचे भव्य मैदान बांधले? तोही महोत्सवी खर्चच नव्हे काय?’ हा आक्षेप आम्हांस प्रिय आहे, कारण आमचा पक्ष त्यानेच सिद्ध होतो. 1912 साली ते मैदान पुरे झाले तेव्हा कोल्हापुरात पेठोपेठी तालमी होत्या, वस्ताद होते, मल्लांना दरबारचा खुराक होता. प्रेक्षक जमविण्यासाठी परद्वीपाहून पाहुणे आणावे लागले नाहीत. मातीचे उतार असे केले, की सर्वांत मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही मधली कुस्ती स्पष्ट दिसावी. त्याच राजाने 1901 साली विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले होते, 1907 साली राधानगरीच्या धरणाची योजना हाती घेतली होती, आणि 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मैदान हा त्या मालिकेतला एक मणी होता. मालिकेच्या जागी मिरविलेले ते पदक नव्हते. आधी मल्ल, मग मैदान, हा त्याचा क्रम. आजचे उत्साही लोक तो उलटा करून आधी मैदान बांधतात आणि मग मल्ल कोठून मिळेल म्हणून पाहत बसतात.

म्हणून आम्ही यजमानपदास सरसकट नकार द्या असे म्हणत नाही. चार अटी मात्र सांगतो. स्पर्धा आल्या नसत्या तरी जे बांधणे आवश्यक होते तेवढेच बांधावे, ही पहिली. तूट आली तर ती कोण भरणार हे आकड्यानिशी आधी जाहीर करून नागरिकांचे मत घ्यावे, ही दुसरी. गरिबांच्या, शाळांच्या वा पूरनिवारणाच्या निधीतील एक पैसाही या कामी वळवू नये, ही तिसरी. आणि पाहुणे गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते मैदान पेठांतल्या व खेड्यांतल्या मुलांस फुकट वा अल्प दरात खुले राहील असे लेखी बंधन असावे, ही चौथी. या चार अटी पाळून जो महोत्सव होईल त्याच्या स्वागतास आम्हीही उभे राहू. ज्यांस या अटी जाचक वाटतात त्यांनी आपला मान जरूर मिरवावा. त्याचे बिल मात्र नगराच्या नावे फाडू नये.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री खासबागेला लागून असलेले केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा साऱ्या नगराचे डोळे पाणावले. जगाने त्या वास्तूचा गौरव केला होता म्हणून नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या आपण तिच्यात बसलो होतो म्हणून. नगराची खरी संपत्ती ओळखण्याची कसोटी हीच आहे: ती नष्ट झाली तर पाहुणा नव्हे, घरचा माणूस रडतो.