श्वास मोजायला एक मिनिट

प्रयोगशाळा म्हटली की परीक्षानळ्या आणि स्पिरिटचा दिवा तुमच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. रुग्णालयातील खाट कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात वरवट बकाल येथे ग्रामीण रुग्णालय आहे. अशा रुग्णालयांत परिचारिका रुग्णाच्या तक्त्यावर दर काही तासांनी जे आकडे लिहिते, ते निरीक्षण, मापन आणि नोंद या तिन्ही अर्थांनी विज्ञान आहे, असे माझे मत आहे. आपण मात्र ‘सिस्टर इंजेक्शन देतात’ एवढ्यावरच थांबतो. डॉक्टर रुग्णापाशी काही मिनिटे असतात. परिचारिका पाळीभर असते. रुग्णाची प्रकृती घसरू लागली, तर ते प्रथम कोणाच्या लक्षात येणार?

तक्त्यावर ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब यांचे रकाने असतात. तापाला थर्मामीटर आहे, रक्तदाबाला यंत्र आहे. रक्तातील ऑक्सिजन दाखवणारा ऑक्सिमीटर तर २०२० च्या कोविडच्या साथीपासून घरोघरी पोचला. श्वासाला मात्र साधे, स्वस्त यंत्र नाही. त्याला लागते सेकंदकाट्याचे घड्याळ आणि एक मिनिटाची सवड. आणि नेमका हाच रकाना जगभर सर्वांत निष्काळजीपणे भरला जातो. २००८ साली ऑस्ट्रेलियातील एका वैद्यकीय नियतकालिकाने श्वासाच्या गतीला उपेक्षित लक्षण असेच म्हटले. एका वॉर्डातील दहाही रुग्णांपुढे ‘२०’ हाच आकडा दिसला, तर तो मोजलेला नसून अंदाजाने लिहिलेला आहे, असे खुशाल समजावे.

आता तुम्ही विचाराल, श्वासाचे एवढे काय? ऑक्सिमीटर आहे ना! येथे जरा थांबू या.

श्वासाचा वेग मेंदूच्या तळाशी असलेले केंद्र ठरवते. रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड किंवा आम्लता वाढली, की हे केंद्र श्वास वाढवते. म्हणजे बिघाड फुप्फुसातच असला पाहिजे, असे नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. संग्रामपूर तालुक्यातील अनेक गावे त्यातच येतात. या गावांतून मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. त्यात खाऱ्या पाण्याचा वाटा किती आणि उन्हात राबताना शरीरातील पाणी आटण्याचा किती, हा संशोधनाचा विषय आहे. घाईने एकाच कारणावर बोट ठेवू नये. पण मूत्रपिंड थकले की काय होते, ते ठाऊक आहे. शरीरात तयार होणारे आम्ल लघवीवाटे पुरेसे बाहेर पडत नाही. मग शरीर दुसरी वाट धरते : खोल आणि जलद श्वास घेऊन कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकायचा आणि आम्लतेचा तोल सावरायचा. अशा रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावा. तो ९८ दाखवील! नातेवाईक निश्चिंत होतात. परिचारिका मिनिटभर मोजते आणि आकडा येतो २८. प्रौढ माणसाचा विश्रांतीतील श्वास साधारणपणे १२ ते २० असतो. यंत्र खोटे बोलले नाही. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

मोजण्यातही कौशल्य आहे. पुष्कळ जण पंधरा सेकंद मोजून चाराने गुणतात. पाच श्वास मोजले तर उत्तर २०, सहा मोजले तर २४. एका श्वासाची चूक चार श्वासांची झाली! ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१२ साली रुग्णाची घसरण वेळीच ओळखण्यासाठी एक गुणपद्धती तयार केली, २०१७ साली ती सुधारली. तिच्यात २० श्वासांना शून्य गुण आहेत, २१ ते २४ ला दोन आणि २५ पासून पुढे तीन. (या परीक्षेत गुण जितके कमी तितके बरे.) म्हणून पूर्ण मिनिट मोजायचे. शिवाय आपला श्वास कोणी मोजतो आहे, हे कळताच माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो. म्हणून जाणती परिचारिका नाडी मोजून झाल्यावरही मनगट सोडत नाही. रुग्णाला वाटते नाडीच चालली आहे. तिची नजर असते छातीवर.

पाठ्यपुस्तकांतील लक्षणांचेही असेच आहे. ओठ निळे पडतात, असे लिहिलेले असते. पण ते ओठ बहुधा गोऱ्या माणसाचे! सावळ्या माणसात ते सहज दिसत नाही. जीभ आणि तोंडाच्या आतील बाजू पाहावी लागते. पंडुरोगासाठी खालची पापणी ओढून पाहतात, ते याच कारणाने.

मग श्वास का मोजला जात नाही? सिस्टर आळशी, असे म्हणणे सोपे आहे. त्याऐवजी गणित करा. एका पाळीत एका परिचारिकेकडे तीस रुग्ण आहेत, असे धरा. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब आणि नोंद यांना प्रत्येकी पाच मिनिटे. झाली दीडशे मिनिटे, म्हणजे अडीच तास. आणि ही केवळ एक फेरी. औषधे, सलाइन, मलमपट्टी, नव्याने दाखल झालेला रुग्ण यांचा यात हिशेब नाही. कोठे तरी एक मिनिट वाचवावे लागते, ते श्वासाचे वाचते. इमारती आणि यंत्रे यांच्याइतकीच परिचारिकांची पदे भरण्याची मागणी जोराने का होत नाही, याचे मला नवल वाटते. १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले. त्या काळी लोकांनी या कामाला हलके मानले. आजही ते मानणे पुरते गेलेले नाही.

यंत्रे उद्या श्वासही मोजतील, असे कोणी म्हणेल. अतिदक्षता विभागात ती आजही मोजतात. पण सकाळी सबंध वाक्य बोलणारे आजोबा दुपारी दोन शब्दांनंतर दम घेतात, हे सकाळी आणि दुपारी त्यांच्याशी बोललेल्या माणसालाच कळते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. नववीच्या प्रात्यक्षिकात एक तास याला द्या आणि शिकवायला जवळच्या रुग्णालयातील परिचारिकाताईंना बोलवा; विज्ञानाच्या शिक्षिका म्हणून, आरोग्यदिनाच्या पाहुण्या म्हणून नव्हे. खर्च काहीच नाही. मुलांनी जोड्या कराव्यात, पाच मिनिटे शांत बसावे, मग एकदा सांगून आणि एकदा न सांगता जोडीदाराचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजून दोन्ही आकडे वेळेसह वहीत लिहावेत. न सांगता मोजताना त्याच्या लक्षात आले, तर तो आकडा खोडा आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजा.