चिठ्ठी गेली, उत्तराचे काय?

रोग्याला मोठ्या इस्पितळात हलवायचे झाले की गावचे डॉक्टर एक चिठ्ठी लिहून देतात. ती घामाने भिजते, बसमध्ये हरवते, आणि पुष्कळदा पुढच्या डॉक्टरांना अक्षरच लागत नाही. हीच चिठ्ठी आता संगणकावरून पाठवण्याची सोय ठिकठिकाणी होत आहे. आम्हाला ती हवीच आहे, पण अर्धवट नको.

तिचा उपयोग केवढा, हे गोव्याने दाखवले आहे. 2018 साली तेथे हृदयविकारासाठी अशी योजना सुरू झाली. जवळच्या केंद्रात छातीचा ईसीजी काढतात, तो बांबोळीच्या तज्ज्ञांकडे लगेच जातो, आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन रोगी आहे तेथेच देता येते. रोगी निघण्याआधी त्याची माहिती पोचलेली असते.

बेळगावकडचा रोगी मात्र कधी बांबोळीला जातो, कधी कोल्हापूरला. आरोग्य हा राज्यांचा विषय. एका राज्याचा संगणक दुसऱ्या राज्यातल्या इस्पितळाशी बोलेलच असे नाही. 2021 पासून देशभर मिळणारा 14 अंकी आभा क्रमांक येथे कामी यावा. पण नुसता क्रमांक म्हणजे चिठ्ठी नव्हे. इकडच्याने माहिती भरली पाहिजे, तिकडच्याने ती उघडली पाहिजे.

आमचा खरा आग्रह परतीच्या चिठ्ठीचा आहे. हृदयाची झडप बदलून आलेला माणूस रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी घेत असतो. वेळोवेळी रक्त तपासून तिचे प्रमाण ठरवावे लागते. भातलावणीत कंबर धरली म्हणून त्याला कुणी दुखण्याची साधी गोळी दिली, तरी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. हे गावच्या डॉक्टरांना कोण कळवणार? इस्पितळाचे उत्तर गावच्या केंद्रात पोचल्याशिवाय ते प्रकरण संगणकावर बंदच होऊ नये. तोवर छापील प्रतही रोग्याच्या हाती द्यावी. वीज आणि रेंज यांचा भरवसा आपल्याकडे कुणी द्यावा?

वाचकांनी एक गोष्ट आजच पाहावी. आभा क्रमांकाला घरातला कुणाचा फोन जोडला आहे? संमतीसाठी येणारा ओटीपी त्याच फोनवर येतो. मुलगा आखातात आणि आई इस्पितळाच्या खिडकीपाशी, अशी वेळ येण्याआधी घरात असणारा फोन जोडून घ्यावा.