रूपांतराचे इमान

गाजलेल्या कादंबरीची किंवा कॉमिक्सची दूरचित्रवाणी मालिका झाली की तिच्याविषयीची चर्चा बहुधा एकाच हिशेबापाशी येऊन थांबते: मूळ पुस्तकातले किती प्रसंग आले, किती गळले, कोणते पात्र बदलले आणि शेवट तसाच ठेवला की नाही. हा हिशेब मांडणाऱ्या वाचकाच्या मनात पुस्तकाविषयीचा जिव्हाळाच असतो, म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कसोटी म्हणून तो अपुरा पडतो, कारण साहित्यकृती ही घटनांची यादी नसते. लेखक वाचकाला एका विशिष्ट जागी उभे करतो, तिथून काही दाखवतो, काही मुद्दाम नजरेआड ठेवतो, आणि उरलेले जुळवून घेण्याची कामगिरी वाचकावर सोपवतो. वाचकाकडून करून घेतलेले हे काम म्हणजेच त्या कृतीचा गाभा होय. प्रेक्षकाकडून तेच काम कॅमेरा, ध्वनी आणि काळ या वेगळ्या साधनांनी करून घेणारे रूपांतर मुळाशी इमान राखते, मग त्यात प्रसंग कितीही बदललेले असोत. जॉर्ज ब्लूस्टोन या अमेरिकन अभ्यासकाने १९५७ साली कादंबरी आणि चित्रपट यांच्या संबंधांवरील आपल्या ग्रंथात, शब्दांचे माध्यम सोडून दृश्याच्या माध्यमात शिरताच बदल अटळ होतो, असे दाखवून दिले होते. बदल अटळ असेल, तर तो कशासाठी केला, एवढेच विचारण्याजोगे उरते.

भीष्म साहनी यांच्या ‘तमस’ या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेली आणि १९८८ साली दूरदर्शनवर दाखवली गेलेली मालिका या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. साहित्य अकादमीचा १९७५ सालचा पुरस्कार लाभलेल्या या कादंबरीत फाळणीपूर्वीच्या पंजाबातील एका शहरात आणि आसपासच्या खेड्यांत काही दिवसांत पेटलेल्या दंगलीचे चित्र आहे. तिच्या पहिल्याच प्रकरणात नत्थू नावाचा चर्मकार रात्रीच्या वेळी एका कोंदट कोठडीत, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात, डुक्कर मारण्यासाठी झगडताना दिसतो. गुरांच्या डॉक्टरसाहेबांना मेलेले डुक्कर हवे आहे, असे सांगून मुराद अली या ठेकेदारी वळणाच्या माणसाने त्याच्या हातावर पाच रुपयांची नोट ठेवलेली असते. सकाळी तेच डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते आणि शहर भडकते. डुक्कर कोणी मारले आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे नत्थू जाणतो आणि वाचक जाणतो. शहराला त्याचा पत्ताच नसतो. पुढे कादंबरी नत्थूला जवळजवळ सोडून देते आणि काँग्रेसचे कार्यकर्ते, इंग्रज डेप्युटी कमिशनर रिचर्ड, गुरुद्वारात जमलेले शीख, घर सोडून निघालेले हरनामसिंग आणि बंतो अशा अनेक माणसांमधून फिरत राहते. शेवटी अमन कमिटीच्या बसमध्ये, ड्रायव्हरशेजारी बसून, शांततेच्या घोषणा देणारा मुराद अलीच असतो, आणि निवेदक एवढेच नोंदवतो की नत्थू आता जिवंत नाही, नाहीतर त्याने हा माणूस तत्काळ ओळखला असता. म्हणजे सत्य ठाऊक असलेला एकमेव साक्षीदार आता वाचकच उरतो, आणि त्या ज्ञानाचे ओझे त्याला पुस्तक मिटल्यावरही वाहावे लागते.

निहलानी यांनी येथे मोठा बदल केला. ओम पुरी यांनी साकारलेला नत्थू मालिकेत मध्येच नाहीसा होत नाही. गरोदर बायकोला घेऊन तो शहराबाहेर पडतो, आणि कादंबरीत ज्यांची आणि त्याची कधी गाठ पडत नाही, त्या हरनामसिंग आणि बंतो यांच्या वाटेला त्याची वाट येऊन मिळते. हरनामसिंगची भूमिका स्वतः भीष्म साहनी यांनी केली होती आणि बंतो झाल्या होत्या दीना पाठक. यादी घेऊन बसलेल्या वाचकाला हा बदल म्हणजे मूळ कथानकाशी केलेली मोडतोड वाटेल. पण माध्यमाच्या अंगाने पाहिले की त्याचे कारण उलगडते. कादंबरीचा वाचक मागची पाने चाळू शकतो आणि निवेदकाच्या एका वाक्याने त्याला पहिले प्रकरण आठवते; हप्त्याहप्त्याने पाहणाऱ्या प्रेक्षकापुढे निवेदकही नसतो आणि मागची पानेही नसतात. कादंबरीने वाचकावर सोपवलेले अपराधाचे ज्ञान पडद्यावर कोणाच्या तरी चेहऱ्यावर सतत दिसत राहणे आवश्यक होते, आणि तो चेहरा नत्थूचाच असू शकत होता. जळणारी घरे, पळणारी माणसे दिसत असताना, आपल्या हातून झालेल्या कृत्यातूनच हे सारे उद्भवले असे मनोमन मानणारा आणि तरीही वापरला गेलेला हा गरीब माणूस प्रत्येक टप्प्यावर डोळ्यांसमोर असल्यामुळे प्रेक्षकालाही साक्षीदाराच्या जागेवरून उठता येत नाही. प्रसंग बदलला, पण वाचकाकडून घेतलेले काम प्रेक्षकाकडूनही घेतले गेले. निहलानी यांच्यासाठी ही रीत नवी नव्हती, श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेला १९८३ सालचा ‘अर्धसत्य’ हा चित्रपट त्यांनीच दिग्दर्शित केला होता.

या मालिकेच्या प्रक्षेपणाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली गेली, तेव्हा न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी ती संपूर्ण पाहिली आणि प्रक्षेपणास मोकळीक दिली. फेब्रुवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने आधार घेतला तो न्या. व्हिव्हियन बोस यांनी नागपूरला असताना घालून दिलेल्या कसोटीचा: कृतीचा परिणाम जोखताना दुबळ्या, पदोपदी धोका शोधणाऱ्या मनाऐवजी सारासार विचार करणाऱ्या, खंबीर मनाच्या माणसाची दृष्टी धरावी. कायद्याच्या अंगाने आलेला हा निर्णय समीक्षेलाही मार्ग दाखवतो, कारण सुटा प्रसंग उचलून कृतीला दोषी ठरवता येत नाही, तशी सुट्या प्रसंगांच्या जुळणीवरून ती मुळाशी प्रामाणिक असल्याचेही ठरवता येत नाही.

कॉमिक्सच्या बाबतीत हा प्रश्न अधिक फसवा होतो. चित्रे मुळातच तयार असल्यामुळे ती हलती केली की मालिका झाली, असा समज सहज होतो. वास्तविक कॉमिक्सचे मर्म चित्रात जितके असते तितकेच दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत असते. एका चौकटीत उगारलेला हात आणि पुढच्या चौकटीत जमिनीवर पडलेला माणूस यांमधला आघात चित्रकाराने काढलेला नसतो, तो वाचक मनात घडवतो. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली कॉमिक्सच्या घडणीवरील आपल्या चित्रग्रंथात या क्रियेची सविस्तर फोड केली आहे. शिवाय कॉमिक्समध्ये काळ पानावर पसरलेला असतो: आधीचा आणि नंतरचा क्षण एकाच वेळी डोळ्यांपुढे असतात, आणि कोणत्या चौकटीवर किती वेळ थांबायचे हे वाचक ठरवतो. पडद्यावर ही मुभा नसते, तिथे काळाची दोरी दिग्दर्शकाच्या हातात असते.

अ‍ॅलन मूर यांनी लिहिलेले आणि डेव्ह गिबन्स यांनी चितारलेले, १९८६-८७ मध्ये बारा अंकांत प्रसिद्ध झालेले ‘वॉचमेन’ हे या गुणांचा कळस मानले जाते. मुखवटे घालून न्याय करायला निघालेल्या माणसांच्या हाती सत्ता गेली तर काय होईल, हा त्याचा विषय. पण तो मांडला आहे पानाच्या रचनेतून. बहुतेक पाने नऊ सारख्या चौकटींच्या जाळीवर बेतलेली आहेत, आणि पाचव्या अंकातील पानांची मांडणी तर अशी आहे की पहिले पान शेवटच्या पानाचे आणि दुसरे उपान्त्य पानाचे प्रतिबिंब वाटावे. चौथ्या अंकात डॉक्टर मॅनहॅटन, ज्याला भूत, वर्तमान आणि भविष्य एकाच वेळी जाणवतात असा अतिमानव, मंगळावर हातात एक छायाचित्र घेऊन उभा असतो; काही सेकंदांनी ते हातातून सुटणार आहे हे तो सांगतो, आणि वाळूत पडलेले छायाचित्र त्याच पानावर वाचकाला आधीच दिसत असते. त्याची काळाची जाणीव समजावून सांगावी लागत नाही, कारण कॉमिक्स वाचणारा प्रत्येक माणूस पानाकडे त्याच नजरेने पाहत असतो.

झॅक स्नायडर यांनी २००९ साली या पुस्तकावर चित्रपट केला, तेव्हा अनेक चौकटी विलक्षण कष्टाने जशाच्या तशा उभ्या केल्या. वेशभूषा, प्रकाश, कॅमेऱ्याचा कोन, सारे मुळाबरहुकूम. शेवटाचा तपशील बदलला असला तरी एकूण आराखडा पुस्तकाचाच होता. तरीही चित्रपट पाहताना पुस्तकाचा अनुभव हाती लागत नाही, कारण थांबून मागे वळण्याची, दोन दूरच्या चौकटी पडताळण्याची वाचकाची क्रियाच तिथे उरली नाही. चित्र आले आणि चित्रांमधला संबंध मागे राहिला.

याउलट डेमन लिंडेलॉफ यांनी २०१९ साली एचबीओ या वाहिनीसाठी केलेल्या नऊ भागांच्या मालिकेने मूळ कथानक पुन्हा सांगितलेच नाही. तिची कथा पुस्तकातील घटनांनंतर चौतीस वर्षांनी, ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात घडते, आणि सुरुवात होते ती १९२१ साली त्या शहरातील ग्रीनवुड या कृष्णवर्णीयांच्या भरभराटलेल्या वस्तीवर झालेल्या खऱ्या हल्ल्यापासून. पुस्तकात ‘हूडेड जस्टिस’ नावाचा पहिला मुखवटाधारी येतो. त्याच्या डोक्यावर बुरखा आणि गळ्यात फासाचा दोर असतो, पण बुरख्याआडचा चेहरा कोणाचा हे पुस्तक निश्चितपणे सांगत नाही. मालिकेने नेमकी ही सोडलेली जागा हेरली. तिच्या सहाव्या भागात, जो बहुतांशी कृष्णधवल आहे, हा माणूस विल रीव्हज नावाचा काळा पोलीस शिपाई असल्याचे उलगडते. सहकारी गोऱ्या पोलिसांनी त्याला झाडाला लटकावून मरणाच्या दारापर्यंत नेऊन सोडलेले असते, आणि तोच दोर गळ्यात ठेवून तो गुन्हेगारांवर तुटून पडतो. चित्रकाराने वेशभूषेचा भाग म्हणून काढलेला दोर आता अमेरिकेच्या वंशद्वेषाच्या इतिहासाचा पुरावा होतो, आणि ज्याने पुस्तक वाचले आहे त्याला ते नव्याने उघडून पाहावेसे वाटते. मुखवट्यामागे कोण असते आणि त्याला तो का लागतो, हा पुस्तकाचाच प्रश्न होता. मालिकेने तो आपल्या काळाच्या तोंडी दिला.

आठव्या भागात डॉक्टर मॅनहॅटनच्या काळाच्या जाणिवेलाही पडद्याचे स्वतःचे उत्तर सापडते. एका बारमधील दीर्घ संभाषणाच्या धाग्यावर त्याच्या आयुष्यातील वेगवेगळ्या काळांतले प्रसंग ओवले जातात, आणि एके ठिकाणी नायिका अँजेला त्याच्यामार्फत दहा वर्षांपूर्वीच्या आपल्या आजोबांना प्रश्न विचारते. तिने उत्तर शोधायला निघावे अशी ज्या घटनेने वेळ आणली, ती घटना या प्रश्नातूनच जन्मलेली असते, हे तिच्या आणि प्रेक्षकाच्या एकाच क्षणी लक्षात येते. चौकटींच्या जाळीने पानावर साधलेले काम येथे संकलनाने, म्हणजे दृश्यांच्या जोडणीने, साधले आहे, आणि प्रेक्षकाला आधीचे भाग मनात पुन्हा लावून पाहावे लागतात.

मालिकेला चित्रपटापेक्षा वेळ अधिक मिळतो, म्हणून कादंबरीला तीच सोयीची, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. लांबीला मुळाच्या आकाराचा आधार नसेल तर ती कृतीला पोकळ करते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेवरील ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका २०११ ते २०१९ या काळात आठ पर्वांत चालली. मूळ कादंबऱ्यांत प्रत्येक प्रकरण एकाच पात्राच्या नजरेतून सांगितलेले असते, त्यामुळे निर्णयामागची मनाची घालमेल वाचकाला आतून कळते. सहाव्या पर्वाच्या सुमारास मालिका प्रकाशित पुस्तकांच्या पुढे निघून गेली. मुक्कामाची ठिकाणे हाती होती, पण तिथवर नेणारी आतली वाट लिहिलेली नव्हती, आणि अखेरच्या पर्वांतील पात्रांचे निर्णय अनेकांना अकस्मात वाटले ते त्यामुळेच. ‘द वॉकिंग डेड’ हे कॉमिक्स २०१९ साली १९३व्या अंकाला लेखकाने स्वतःहून संपवले, तर त्यावरची मालिका २०२२ पर्यंत चालली आणि तिच्यातून आणखी मालिका फुटल्या. कधी थांबायचे हे कथेऐवजी बाजाराने ठरवले की रूपांतराचे मुळाशी असलेले नाते सैल होते.

मराठीला हा विषय परका नाही. चि. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव’ मुंबई दूरदर्शनवर आली, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ती घराघरांत नेली. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’चे मालिकारूप गजानन जागीरदार यांनी केले. या मालिका आठवड्याला एक भाग या बेताने, आवाक्यातल्या लांबीत झाल्या. पुढे रोजच्या मालिकांचा काळ आला आणि मालिकेचे आयुष्य टीआरपीवर, म्हणजे प्रेक्षकसंख्येच्या साप्ताहिक अंदाजावर, ठरू लागले. शेवट ठरलेल्या कादंबरीला या व्यवस्थेत जागा मिळणे कठीण, कारण शेवट ठाऊक असणे हेच तिच्या बांधणीचे बळ असते.

आज वेबमालिकांमुळे सहा, आठ किंवा दहा भागांचा बांधीव आकार पुन्हा उपलब्ध झाला आहे, आणि मराठी कादंबरीसाठी ही संधी दवडू नये इतकी मोलाची आहे. ती घेताना मात्र प्रत्येक पुस्तक आपल्याकडून काय करून घेते, हे आधी ओळखावे लागेल. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधील कौतिकची झुंज वऱ्हाडी बोलीच्या श्वासातून वाचकाला भिडते, ती बोली पुसून सर्वांना कळेल असे सपाट मराठी घातले, तर प्रसंग राहतील आणि कौतिक जाईल. श्री. ना. पेंडसे यांचे ‘तुंबाडचे खोत’ पिढ्यांमागून पिढ्या ओलांडत जाते, आणि आजोबाची चूक नातवाच्या वाट्याला कशी येते हे वाचकाला स्मरणातून जुळवावे लागते. तिथे मालिकेची लांबी खरोखर उपयोगाची ठरेल. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर प्रथमपुरुषी सांगत असताना स्वतःच्या सांगण्यावरचा विश्वासही डळमळीत करत जातो, आणि त्यासाठी कॅमेऱ्याला काहीतरी अगदी वेगळे शोधावे लागेल.

म्हणून लेखकाचा वारस, प्रकाशक, निर्माता आणि पटकथाकार एकत्र बसतील तेव्हा कोणते प्रसंग ठेवायचे याआधी वाचक कुठे उभा होता, त्याला काय माहीत होते, काय जुळवायचे होते आणि कोणते ओझे घेऊन तो पुस्तकातून बाहेर पडला, एवढे निश्चित केले जावे, आणि पहिला भाग चित्रित होण्यापूर्वी शेवटचा भाग लिहून पूर्ण असावा. समीक्षकांनीही याच प्रश्नांनी मालिका पारखावी. एवढे झाले तर मराठी कादंबरीला पडद्यावर केवळ आपले नाव वापरले गेल्याचे समाधान मानावे लागणार नाही. तिला नव्या माध्यमात जाणते वाचक मिळतील.