प्रणाली बदलण्यापूर्वीं यंत्राची परीक्षा

हल्लीं आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांमध्यें, लॅपटॉपवरील विंडोज काढून त्या जागीं लिनक्स घालावें कीं काय, याविषयीं मोठी चर्चा चाललेली ऐकूं येते. तिला कारणही तसेंच घडलें आहे. ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० चा सर्वसाधारण आधार बंद केला. आणि विंडोज ११ घालावें तर तें टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व, इंटेलच्या बाबतींत, बहुतेक आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर मागतें. त्यामुळें ज्या घरीं २०१५-१६ सालीं घेतलेला, अद्याप धडधाकट असलेला लॅपटॉप आहे, त्या घरीं नवें यंत्र घ्यावें कीं जुन्यालाच नवी प्रणाली द्यावी, हा प्रश्न उभा राहिला आहे. प्रश्न पैशांचा असल्यामुळें पालकांनींही त्यांत लक्ष घालणें अवश्य आहे.

मुलांची ही हौस आम्हांस मनापासून पसंत आहे. चालतें यंत्र केवळ एका कंपनीच्या वेळापत्रकासाठीं अडगळींत टाकणें हा उघड अपव्यय होय. आणि ज्या प्रणालीचा अंतर्भाग कोणासही उघडून पाहतां येतो, तिच्याशीं विद्यार्थ्याची ओळख होणें ही तर शिक्षणाचीच गोष्ट आहे. जे पालक "असले उद्योग नकोत" म्हणून हा विषयच बंद करतात, त्यांच्याशीं आमचें जमत नाहीं. परंतु मित्राच्या लॅपटॉपवर लिनक्स झकास चाललेलें पाहून जीं मुलें त्याच रात्रीं घरच्या लॅपटॉपची डिस्क पुसावयास निघतात, त्यांच्याशीं तर मुळींच जमत नाहीं. लिनक्स चांगलें आहे, हें विधान खरें असूनही आपल्या टेबलावरील लॅपटॉपांत कोणते भाग बसविले आहेत, याविषयीं तें कांहींच सांगत नाहीं. लूकच्या शुभवर्तमानांतील बुरूज बांधणाऱ्याचा दाखला आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. तो लॅपटॉपलाही लागू पडतो, हें मात्र त्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

प्रणालीला प्रत्येक भागाशीं बोलण्यासाठीं एक दुभाष्या लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. हा दुभाष्या तयार करणाऱ्याजवळ तो भाग तरी असावा लागतो, किंवा उत्पादकानें त्याची माहिती तरी दिलेली असावी लागते. १९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें आपल्या प्रणालीची वार्ता प्रथम जाहीर केली, तेव्हां स्वतःजवळ असलेल्या जातीच्या हार्डडिस्कपलीकडे ती बहुधा कधींच जाणार नाहीं, असें त्यानें मोकळेपणानें सांगून टाकलें होतें. पुढें जगभरच्या लोकांनीं आपापल्या जवळच्या भागांसाठीं भर घातली. उलट माहिती दडविली कीं काय होतें, याचें उदाहरण त्याहूनही जुनें आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेंत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर होता. त्यांत कागद अडकल्यास तें सर्वांस कळावें, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांना करावयाची होती, परंतु त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर त्यांना मिळाला नाहीं. १९८३ सालीं त्यांनीं जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पामागें हा अनुभव होता.

व्यवहारांत सर्वांत अधिक अडतें तें वाय-फायपाशीं. ब्रॉडकॉमच्या कांहीं वाय-फाय चिप्सना कंपनीचाच बंद ड्रायव्हर लागतो. तो इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाचा, आणि इंटरनेट तर वाय-फायवांचून नाहीं! पेटीची किल्ली पेटींतच राहावी तसा हा प्रकार. फर्मवेअरच्या बाबतींत डेबियनच्या मंडळींनीं २०२२ सालीं मतदान घेतलें, व जून २०२३ मधील डेबियन १२ पासून असें बंद फर्मवेअरही स्थापनेच्या प्रतींतच मिळूं लागलें. अडचण पुष्कळ कमी झाली. तत्त्वाला मुरड घालावी लागली ती लागलीच.

केवळ मॉडेलचें नांव पाहून भागत नाहीं. एकाच नांवाच्या दोन लॅपटॉपांत निरनिराळ्या कंपन्यांचीं वाय-फाय कार्डें असूं शकतात. लिनक्समध्यें 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली असतां आंतील भागांचीं नांवें कळतात, आणि तिला 'एनएन' हा पर्याय जोडल्यास उत्पादकाचा व भागाचा अंकही कळतो. इंटेलचा अंक ८०८६ आहे. १९७८ सालच्या त्यांच्या प्रोसेसरचें नांवही तेंच होतें, हें पाहून मुलांना मौज वाटेल.

याहून खात्रीची परीक्षा म्हणजे पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून पाहणें. उबुंटू, मिंट, डेबियन यांच्या लाइव्ह प्रती डिस्कवरील मजकुरास धक्का न लावतां चालतात. परंतु पडद्यावर चित्र दिसलें कीं परीक्षा संपली, असें समजूं नये. एक संपूर्ण संध्याकाळ त्यावर घालवावी. वाय-फाय घरच्या राउटरला जोडावें. ब्ल्यूटूथ, कॅमेरा, मायक्रोफोन आणि पडद्याचा उजेड कमीजास्त करणारीं बटणें पाहावीं. झांकण लावून पांच मिनिटांनीं उघडावें. यंत्र जागें होतें कीं नाहीं? चांगले चांगले लॅपटॉप येथें अडखळतात. बोटाचा ठसा ओळखणाऱ्या कित्येक भागांना तर ड्रायव्हरच नाहीं. आणि प्रिंटर जोडावयास विसरूं नये. कॅनन एलबीपी २९०० हा आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं दिसतो. तो कॅप्ट नांवाची कंपनीची स्वतःची भाषा बोलतो, आणि लिनक्सला ती आपोआप येत नाहीं.

ज्यांच्याकडे लिनक्स आधींच आहे, अशा एकदोन उत्साही मुलांना आतां फ्रीबीएसडी घालावयाचें आहे, असें कळतें. दोन्ही मुक्त, म्हणून एकावर चाललेलें दुसऱ्यावर चालेलच, ही समजूत चुकीची आहे. फ्रीबीएसडी हें १९९३ पासूनचें निराळें घराणें आहे. लिनक्सचे ड्रायव्हर त्यास जसेच्या तसे चालत नाहींत, मुद्दाम जुळवून घ्यावे लागतात. त्यावर उभारलेल्या घोस्टबीएसडीची लाइव्ह प्रत मिळते. तिजवर सारी परीक्षा पुन्हां पहिल्यापासून घ्यावी.

आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं लॅपटॉप एकच असतो. आईच्या बचत गटाचा हिशेब, वडिलांचीं कामें, बहिणीचा अभ्यास, सर्व त्याच्यावरच. तेव्हां त्याची डिस्क पुसण्याचा अधिकार कोणा एकाचा नव्हे. मुलानें परीक्षेचा निकाल कागदावर लिहून घरच्यांपुढें ठेवावा: काय चालतें, काय चालत नाहीं, आणि जें चालत नाहीं त्याची गरज कोणास आहे. ज्याला त्या प्रिंटरवांचून भागत नाहीं, त्याचें मत या सभेंत जड समजावें. नंतर सर्व फायली बाहेरील डिस्कवर उतरवाव्या, व दुसऱ्या यंत्रावर त्या उघडतात हें डोळ्यांनीं पाहावें. डिस्कला बिटलॉकरचें कुलूप असेल, तर पेनड्राइव्ह लावण्याच्याही आधीं त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवावी. सिक्युअर बूट बंद करतांच ती मागितली जाण्याचा संभव असतो. एकटें वाय-फायच अडत असेल, तर लिनक्सला ओळखीच्या चिपेचा लहानसा यूएसबी अडॅप्टर थोडक्या पैशांत मिळतो. झांकण लावल्यावर यंत्र जागें होत नसेल, तर मात्र पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी. तोंवर पेनड्राइव्ह दप्तरांत राहूं द्यावा आणि बहिणीची परीक्षा आटोपूं द्यावी.