जीर्णोद्धाराच्या नावानं चांगभलं!

कोकणात वीकेंडला जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींचा कार्यक्रम ठरलेला असतो. गणपतीपुळे, बीच, सुरमई, सोमवारी ऑफिस. त्यातून कुणी संगमेश्वरजवळ कसब्याला उतरून कर्णेश्वर बघितलंच, तर काळ्या दगडातलं कोरीवकाम बघून "वॉव" म्हणतो आणि फोटो काढतो. चांगलंच आहे. राजापूर तालुक्यात कशेळीचं कनकादित्य आहे, शिलाहार राजा दुसरा भोज याने ११९१ साली कशेळी गाव दान दिल्याचा ताम्रपट आहे. या देवळांची नावं पुस्तकात आहेत. धूतपापेश्वर तर राज्य सरकारने २०२१ मध्ये जतनासाठी निवडलेल्या आठ देवळांत आहे.

माझं भांडण आहे ते ज्यांचा ताम्रपट नाही त्यांच्यासाठी. म्हणजे तुमच्या-आमच्या गावचं ग्रामदैवत. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, लाकडी खांब, वर उतरती कौलं, पुढे दीपमाळ. शिमग्याला पालखी निघते ती इथूनच. ही देवळं आज धडाधड पाडली जाताहेत, आणि पाडणारे कुणी परकीय आक्रमक नाहीत, आपणच आहोत. मुंबईकर चाकरमानी वर्गणी काढतात, कॉन्ट्रॅक्टर येतो, आणि दोन वर्षांत तिथे आरसीसीचा स्लॅब, बाथरूमला शोभतील अशा टाइल्स आणि देणगीदारांच्या नावांच्या फरशा उभ्या राहतात. याला म्हणायचं जीर्णोद्धार!

"तुम्हा शहरातल्यांना फोटोसाठी जुनं हवं, गावाला पक्कं बांधकाम हवं," हे उत्तर मला दर वेळी ऐकायला मिळतं. ठीक आहे, पक्क्याचंच बोलू. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उतरत्या कौलांवरून तो निथळून जातो, सपाट स्लॅबवर साचतो. खाऱ्या दमट हवेत आतली सळई गंजते, गंजली की फुगते, आणि काँक्रीटचे पोपडे खाली पडायला लागतात. मग काय करतात माहितीये? स्लॅबवर पत्र्याची शेड घालतात! म्हणजे लाखो रुपये घालवून पुन्हा उतरतं छप्परच, फक्त कौलांऐवजी निळा पत्रा. जांभ्याची भिंत ओल शोषते आणि सोडते. तिला सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट फासला की ओल आतच कोंडते. मी सिव्हिलचा नाही, कॉम्प्युटरचा, पण हे कळायला डिग्री लागत नाही.

आमच्या धंद्यात जुना चालू कोड फेकून सगळं नव्याने लिहायची हौस नेटस्केपला कशी भोवली ते सगळ्यांना पाठ असतं. तेच लोक गावी गेले की देऊळ "फ्रॉम स्क्रॅच" बांधायला पावती फाडतात. असो.

आणि कायद्याच्या भरवशावर राहू नका. राज्याचा १९६०चा स्मारकांचा कायदा संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या वास्तूंसाठी आहे. आपलं देऊळ त्या यादीत नाही.

आमच्या गावची बैठक मे महिन्यात आहे. कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन आधीच आलंय, रंगीत थ्रीडी चित्रासकट. मी शेजारच्या गावातल्या सुताराकडून वासे-रिपा बदलण्याचा आणि कौलं परतण्याचा अंदाज मागवलाय. तो कागद घेऊन जाणार आहे, आणि देऊळ न पाडण्याचं ठरलं तरच वर्गणी देणार आहे. मानकरी काका रागावणार, आई म्हणणार, "तुला काय पडलंय?" म्हणू देत.