श्रुतायुधाची गदा

दीपावलीचे मंगल पर्व उंबरठ्याशी येऊन ठेपले आहे. घरोघरी फराळाची सिद्धता चालू आहे. आश्विन अमावास्येच्या सायंकाळी लक्ष्मीपूजनाच्या पाटावर लाह्या-बत्तासे, नवी केरसुणी आणि हिशेबाची वही मांडली जाईल. त्या घटकेस मोठ्या पेढीचा धनी आणि रस्त्याच्या कडेला पणत्या मांडून बसणारा विक्रेता, दोघेही एकाच देवतेपुढे हात जोडतात.

परंतु सणाच्या तोंडावर आणखी एक गोष्ट अलीकडे वारंवार कानी येते. 'अमक्याच्या दुकानाची पायरी चढू नका, तमक्याकडून पणती घेऊ नका,' अशी आवाहने हातोहात फिरू लागतात. त्यांचे मूळ बहुधा राजकारणात असते. कधी दुकानदाराचा पक्ष आडवा येतो, कधी त्याची जात वा धर्म, तर कधी दूर कोठे तरी घडलेल्या घटनेचे उट्टे येथे काढायचे असते. आवाहन करणाऱ्यांच्या संतापास कित्येकदा सबळ कारणही असते. तो संताप कोणावर काढावा, एवढाच विचार सुज्ञ वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

महाभारताच्या द्रोणपर्वात, जयद्रथवधाच्या प्रसंगी, श्रुतायुध नावाच्या राजाची कथा आली आहे. हा वरुणाचा पुत्र. पर्णाशा नदी त्याची माता. मातेने प्रार्थना केल्यावरून वरुणाने त्याला एक दिव्य गदा दिली, पण तिला एक अट घातली. जो युद्ध करीत नाही त्याच्यावर ही गदा टाकू नये. टाकल्यास ती टाकणाऱ्यावरच उलटेल. युद्धाच्या चौदाव्या दिवशी अर्जुनाशी लढता लढता श्रुतायुधाचे भान सुटले आणि त्याने ती गदा सारथ्य करणाऱ्या श्रीकृष्णावर फेकली. भगवंतांच्या हाती शस्त्र नव्हते. त्यांनी तो आघात खांद्यावर झेलला, आणि परत फिरलेल्या गदेने श्रुतायुधाचाच प्राण घेतला. गदेचे सामर्थ्य खरे होते. तिचे लक्ष्य चुकले.

बहिष्कार हेही असेच सामर्थ्यवान अस्त्र आहे, आणि योग्य ठिकाणी ते न्याय्यही ठरलेले आहे. इंग्रजीतील 'बॉयकॉट' हा शब्द आयर्लंडमधील मेयो परगण्यात १८८० साली जन्मला. चार्ल्स बॉयकॉट हा तेथील एका बड्या जमीनदाराचा कारभारी. खंडाच्या वादात त्याने कुळांना जमिनीवरून काढण्याचा घाट घातला, तेव्हा साऱ्या गावाने त्याच्याशी व्यवहार तोडला. शेतातील पीक काढण्यासाठी त्याला परमुलखातून पन्नासएक मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणासाठी सैन्य ठेवावे लागले. वर्ष संपण्यापूर्वी त्याने तो देश सोडला. ज्याच्यावर बहिष्कार पडला, अन्याय थांबविणे त्याच्या हाती होते, हे येथे ध्यानात ठेवावे. आपल्याकडे १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यास विलायती कापडाची होळी झाली. तरुण सावरकर तिचे पुढारी होते आणि लोकमान्य टिळकांचा त्यांना आशीर्वाद होता. त्या होळीत लोकांनी आपापल्या घरचे कपडे आणून टाकले. त्याग ज्याचा त्याने स्वखुशीने केला होता.

याच चळवळीची बंगालमधील कथा मात्र पुढे निराळ्या वळणाला गेली. लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी योजिली, तेव्हा ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावर बहिष्काराचा ठराव झाला. हेतू उदात्त होता. परंतु मँचेस्टरचे गिरणीवाले आणि कलकत्त्याचे सरकार दूर राहिले, आणि पूर्व बंगालच्या आठवडे बाजारात चार धोतरजोड्या घेऊन बसणारा किरकोळ विक्रेता तेवढा हाताशी सापडला. त्याच्या दुकानापुढे निरोधक उभे राहिले. कित्येक जमीनदारांनी आपल्या हाटांत विलायती कापड आणि मीठ विकण्यास सक्तीने बंदी केली. देशी कापड महाग पडे, आणि मागणी वाढताच मुंबईच्या गिरण्यांनी भाव आणखी चढविले. विकणारा गरीब आणि घेणारा त्याहून गरीब. त्यांतील बहुसंख्य मुसलमान आणि नामशूद्र शेतकरी होते. देशासाठी म्हणून जो भार उचलायचा, तो त्यांना न विचारता त्यांच्या पाठीवर ठेवला गेला. १९०७ साली कोमिल्ला आणि जमालपूर येथे दंगे पेटले. त्यांस इतरही कारणे होती, परंतु बाजारातील सक्तीने ठिणगीला वारा घातला.

रवींद्रनाथ ठाकूर आरंभी या चळवळीत अग्रभागी होते. फाळणी अमलात आली त्या १६ ऑक्टोबर १९०५ च्या दिवशी त्यांनीच राखीबंधनाचा उत्सव योजिला होता. गरिबांवरील सक्ती पाहून तेच पुढे दूर झाले. १९०८ च्या 'सदुपाय' या निबंधात त्यांनी या सक्तीवर स्पष्ट टीका केली, आणि १९१६ साली ग्रंथरूपाने आलेल्या 'घरे बाइरे' या कादंबरीत पंचू नावाचा दरिद्री फेरीवाला उभा केला. जमीनदार त्याच्या विलायती कापडाचे गाठोडे देशभक्तीच्या नावाने जाळवतो. जाळणाऱ्याचे त्यात काहीच जात नाही.

यावर कोणी म्हणेल, १९११ साली फाळणी रद्द झाली, मग चळवळ फसली कशी? फाळणी रद्द झाली हे खरेच. परंतु ज्या शेजाऱ्याला बरोबर घेऊन एकसंध बंगाल राखावयाचा होता, तोच शेजारी दुरावला, आणि १९४७ साली तो प्रांत पुन्हा दुभंगला. एका बहिष्काराने हे सारे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण मने तुटण्यास त्याचा हातभार लागला, हे नाकारता येत नाही.

बहिष्काराला नाव देणाऱ्या आयर्लंडलाही हा धडा पुढे मिळाला. १९५७ साली वेक्सफर्ड परगण्यातील फेदर्ड-ऑन-सी या गावी एका मिश्रविवाहित दांपत्यात मुलींच्या शाळेवरून तंटा झाला आणि प्रॉटेस्टंट माता मुलींसह घर सोडून गेली. गावातील कॅथलिकांनी प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. त्या दुकानदारांचा त्या तंट्याशी काय संबंध? देशाचे पंतप्रधान डी व्हॅलेरा स्वतः निष्ठावान कॅथलिक; त्यांनी ४ जुलै रोजी संसदेत या बहिष्काराचा निषेध केला. उत्तर आयर्लंडमधील विरोधकांना 'आमचे भय खरेच होते' असे म्हणण्यास आयता पुरावा मिळाला. ती माता पुढे घरी परतली, पण मुली दोन्हींपैकी कोणत्याच शाळेत गेल्या नाहीत; घरीच शिकल्या. १९९८ साली तेथील कॅथलिक बिशपांनी या प्रकरणाबद्दल जाहीर क्षमा मागितली.

लहान दुकान म्हणजे काय, हे क्षेत्राच्या गावी राहणाऱ्यांस निराळे सांगावे लागत नाही. पंढरपुरास कुंकू-बुक्का, तुळशीच्या माळा, चुरमुरे-बत्तासे यांची दुकाने वर्षातील चार यात्रांवर उभी असतात. माल उधारीने भरलेला असतो आणि यात्रा सरल्यावर ती उधारी फिटते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे आषाढीची यात्रा भरली नाही, तेव्हा दुकानदारासवे त्याला माल देणारा, गाडीवाला, हमाल, फुलमळेवाला असे सारेच खचले. एका दुकानाआड दहा चुली असतात, आणि त्या दहा चुली एकाच जातीच्या वा पक्षाच्या क्वचितच असतात. म्हणून परक्याचे म्हणून जे दुकान आपण बंद पाडतो, त्याची झळ फिरून आपल्याच माणसाच्या घरी पोहोचते. शिवाय गिऱ्हाईक तुटलेला लहान माणूस आपले मत बदलीत नाही. तो उपाशी तरी राहतो किंवा वैरी तरी होतो.

भेसळ करणाऱ्या वा मापात मारणाऱ्या दुकानदाराकडून माल घेऊ नये, हे उघडच आहे. तेथे अपराध त्याचा स्वतःचा असतो. सत्तेवर रोष असेल तर मतपेटी आहे, सभा आहे, न्यायालय आहे. व्रत घ्यावयाचे तर ते आपल्या गरजांवर घ्यावे, दुसऱ्याच्या पोटावर घेऊ नये. शांतिपर्वात जाजली नामक तपस्व्याला धर्म शिकविणारा तुलाधार हा काशीचा एक साधा दुकानदारच होता, आणि आपला तराजू सर्वांस सारखा आहे, हेच त्याचे तप होते. गिऱ्हाइकाच्या हातीही असाच तराजू असतो.

यंदाच्या लक्ष्मीपूजनास प्रत्येक लहान दुकानातील गल्ला भरलेला असावा आणि प्रत्येक दारी एक तरी पणती तेवत राहावी, एवढीच या मंगल पर्वी श्रीचरणी प्रार्थना.